दाराशी ठेवलेला गुडघा

शेवटच्या दिवशी दवाखान्यात वन्संनी ना पाणी मागितलं, ना देवाचं नाव घेतलं. माझा हात धरून म्हणाल्या, "वहिनी, मी गेल्यावर सर येतील. त्यांना ते देऊ नका..." आणि डोळे मिटले. दीड महिना होईल आता. माझी ही नणंद भूगर्भशास्त्र शिकलेली, लग्न न केलेली, निवृत्तीनंतर आमच्याकडे कामोठ्याला राहिलेली. बाई गेली की लोक तिच्या मायाळूपणावर लिहितात. वन्सं मायाळू होत्याच, पण मी लिहिणार आहे त्यांच्या रागावर, कारण तो आता माझ्याकडे आलाय.

ऐन पंचविशीत विदर्भातल्या एका शेताच्या बांधावर त्यांना डायनासोरचं मांडीचं हाड सापडलं. लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या अवाढव्य जनावराचं. उभं केलं तर माझ्या खांद्याला लागेल एवढं. त्या उन्हात रांगत दगड उचलायच्या आणि जिभेला लावायच्या. साधा दगड चिकटत नाही, असलं जुनं हाड चिकटतं म्हणे. "शी! काय काय पडलेलं असेल त्यावर," त्या हे सांगायच्या तेव्हा मी म्हणायचे. "तुमच्या पाणीपुरीपेक्षा स्वच्छ," उत्तर तयार. त्यांचे मार्गदर्शक सर मात्र छत्रीखाली खुर्ची टाकून बसलेले. वाकणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. हाड निघालं तेव्हा खुर्चीतून उठले ते थेट पेपरातल्या फोटोत! संग्रहालयात हाड काचेआड गेलं, खालच्या पाटीवर एकट्या सरांचं नाव. वन्सं विचारायला गेल्या तर म्हणाले, "हाताखालच्या मुलींची नावं लावत नसतात." जीभ कशी झडली नाही मेल्याची!

पण त्या हाडाचा गुडघ्याकडचा एक गोळा तुटून हरवलेला होता. पुढच्या उन्हाळ्यात वन्सं एकट्या परत गेल्या आणि नारळाएवढा तो गोळा शोधून घेऊन आल्या. सरांच्या कानावर गेलंच. निरोप आले, धमक्या आल्या. वन्संचं एकच म्हणणं... पाटीवर माझं नाव आधी घाला, मग गुडघा न्या. सरांनी नाव घातलं नाही, यांनी गुडघा दिला नाही, आणि त्यातच दोघांचे केस पांढरे झाले. आमच्याकडे खाडीचा वारा सुटला की दारं धाडधाड आपटतात, म्हणून वन्संनी तो गुडघा सरळ दाराला लावला. फरशी पुसायच्या पाण्याने काळपट पडला. मासे घेऊन येणाऱ्या कोळणीने एकदा विचारलं तेव्हा वन्संनी जनावराचं हाड आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "अगो बाय! यवढा जनावर हाय कुठं आता?" "मेला गं कधीच." "बरा झाला!" वन्संना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

तेरावा झाला आणि सर आले. रेशमी कुडता, हातात फुलं. आत पाऊल टाकताना अंगठा ठेचला. "आई गं! वाटेत दगड कशाला ठेवता हो?" म्हणत त्यांनी तो पायानेच बाजूला सारला. दुःख दोन वाक्यांत उरकलं, मग म्हणाले, "तिच्याकडे एक तुकडा होता... विज्ञानासाठी तो परत यायला हवा." मी त्यांना गॅलरीत नेलं. तिथे कुंड्यांभोवती वन्संनी गावोगावचे दगड मांडलेत. म्हटलं, "घ्या शोधून. वन्सं जीभ लावून ओळखायच्या, मला बाई त्यातलं काही कळत नाही." आणि काय सांगू... सर वाकले! एकेक दगड उचलून जीभ लावत होते. कुंडीतली माती ओठांना, रेशमी कुडत्याला शेणखत. मी चहा टाकला आणि खिडकीतून मनसोक्त बघत राहिले. एकही चिकटला नाही. "इथे नाही," म्हणाले आणि तोंड पुसत निघाले. मी त्यांच्यादेखत गुडघा पुन्हा दाराला लावला.

सर, पेपरची ही पुरवणी तुम्ही वाचता, आपलं नाव कुठे आलंय का ते बघायला. आज नाही आलं. मी मुद्दामच लिहिलेलं नाही. ते हाड कुमुदिनीनं शोधलं, आमच्या वन्संनी, आणि आज तेवढंच नाव छापून येईल. अंगठा बरा झाला का? ज्याला ठेचकाळलात आणि पायाने सारलंत, तेच ते. अजून दाराशीच आहे. पाटी बदला आणि खुशाल या. मात्र येताना खाली बघून या.