कडेने चालणाऱ्यांची टोळी

बातमी छापली की संपते. तिच्यातून वगळलेलं मात्र डोक्यात साचत राहतं, आणि चहा समोर आला की बाहेर पडतं. आमच्या डहाणूच्या सायकल टोळीचं तसंच आहे. २०१५च्या सुमारास आम्ही चौघं सकाळी समुद्रालगतच्या रस्त्याने एकत्र निघायला लागलो. मी, म्हणजे तालुक्यात सगळ्यांशी भांडून झालेला बातमीदार. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर पाटीलमामा. चिकूच्या वाडीचे मालक फरोखकाका. आणि चिखल्याची सुनीता, झाईकडच्या उपकेंद्रातली नर्स. आज हातपाय शाबूत ठेवून हे लिहितोय, ते या तिघांच्या कृपेने!

*

सुरुवातीला मी सभ्य माणसासारखा कडेने चालवायचो. एकदा बाजारात उभ्या गाडीचं दार फाडकन उघडलं आणि मी थेट नारळवाल्याच्या ढिगात! दार उघडणारे निघाले डॉक्टर. त्यांनीच दवाखान्यात नेऊन टाके घातले. मी दातओठ खात पडलो होतो.

शेवटची गाठ मारत ते म्हणाले, "जपून चालवत जा हो, लोक कशीही दारं उघडतात!"

*

मामांनी मग आमची शाळा घेतली. "तीस वर्षं स्टेअरिंगवर बसलोय. कडेचा सायकलवाला ड्रायव्हरला दिसतच नाही, झुडूप वाटतो. उभ्या गाडीपासून दाराएवढं लांब राहा. रस्ता अरुंद झाला की मागे बघ, हात दाखव, आणि मधे ये. रुंद झाला की बाजूला होऊन जागा दे. घाबरून मधेच वळायचं नाही!"

मामांचं चालवणं खरंच बघण्यासारखं. पण जुनी खोड जाईना. प्रत्येक एसटी थांब्यावर त्यांचा ब्रेक आपोआप लागायचा. चिखल्याच्या थांब्यावर एक मासळीवाली पाटी सावरत उठली आणि सायकल बघून पुन्हा बसली.

"थांबलास कशाला मग?" ती ओरडली.

मामा म्हणाले, "उतरणारं कोणी आहे का बघत होतो."

*

या शाळेची खरी गरज सुनीताला होती. एका टेम्पोने तिला इतकं दाबलं की डांबर संपतं तिथल्या वीतभर खड्ड्यात ती आडवी झाली. गुडघा सोलला. नवरा दिनेश उंबरगावच्या कंपनीत, मोटरसायकलवर जाणारा. त्याने बजावलं, "आणखी एकदा पडलीस तर सायकल विकून टाकीन. रिक्षाने जा!"

"रिक्षा भरेपर्यंत लसीची बाळं थांबतात का?" असं ती आम्हाला म्हणाली. दिनेशसमोर हे बोलली नाही.

*

मी माझ्या पद्धतीने रस्त्याच्या अभियंत्यावर तुटून पडलो. साहेब म्हणाले, "सायकलवाल्यांनी कडेने चालावं, एवढं साधं आहे."

"चला, दाखवा चालवून!" मी सायकल पुढे केली. चार माणसं बघत होती, त्यामुळे साहेबांना बसावंच लागलं. खडी, खड्डा, गटाराचं उघडं तोंड! काही पावलांतच साहेब रस्त्याच्या मधोमध.

मागून मामा ओरडले, "कडेने, साहेब, कडेने!"

पुढच्या आठवड्यात गटारावर झाकण आलं. मी त्यांचे जाहीर आभार मानले. माझ्या नोकरीतला दुर्मीळ प्रसंग!

*

फरोखकाकांचं म्हणणं, "जो नीट जागा ठेवून जाते ना, त्येला थँक्यू बोलायचा." म्हणून ते प्रत्येकाला हात वर करायचे. परिणाम असा, की दर रिक्षा करकचून ब्रेक मारायची.

"बसा काका! सायकल टपावर टाकू?"

*

एकदा तलासरीला हायवेच्या पुलावर एक ट्रेलर आमच्या मागेमागे रांगत राहिला. हॉर्न नाही, ओव्हरटेक नाही. माझं डोकं फिरलं. पुढच्या धाब्यावर तो थांबताच मी बाह्या सरसावून गेलो.

"पीछे क्यों लगे थे?"

"साब, पीछेवाले सब जल्दी में थे. आपको दबा देते. इसलिए मैंने रास्ता रोक के रखा."

भांडायला गेलो आणि त्याच्याबरोबर कांदाभजी खाऊन आलो. आयुष्यात पहिल्यांदाच!

*

श्रावणातली गोष्ट. सुनीताची सायकल दुरुस्तीला होती, म्हणून ती माझी घेऊन निघाली. पावसामुळे मामांनी आपला घोट्यापर्यंतचा खाकी रेनकोट तिला चढवला. डोक्यावर हेल्मेट, कॉलर नाकापर्यंत.

खाडीवरच्या अरुंद पुलाशी तिने मागे वळून पाहिलं. मोटरसायकलवर दिनेश! हॉर्नवर हॉर्न. कडेला सरकावं तर चिखल, पडलं तर सायकल गेली. तिने उजवा हात बाहेर काढून तळवा दाखवला, थांब! आणि मधोमध चालवत राहिली. पूल संपल्यावर डावीकडे झाली आणि हाताने त्याला पुढे जायला सांगितलं. तो भुर्रकन निघून गेला.

संध्याकाळी ती भाकऱ्या थापत होती. दिनेश ताटावर बसत म्हणाला, "आज पुलावर एक म्हातारा सायकलवाला भेटला. हॉर्न दिला तरी हलेना, उलट मलाच हात दाखवतो! पण मानलं त्याला. असल्याला कोणी पाडू शकत नाही. तू तशी चालवशील तर मी कशाला विकतोय सायकल?"

सुनीताने तव्यावरची भाकरी उलटली.

"विचारते त्याला, शिकवतो का."