मामांनी पास केलेली सायकल

रिजेक्ट मामा देवळात गेले तरी आधी देवाकडे बघत नसत. आधी उंबरा, मग खांब, मग मान वर करून छताच्या दगडांचे सांधे. सगळीकडे नजर फिरवून झाली की मग कुठे हात जोडत. "मामा, देव रागवेल की," असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "रागवू दे. डोक्यावर दगुड पडला तर नमस्कार कोण करणार?" प्रत्येक वस्तूत कुठेतरी तडा असतोच, आणि तो दिसला नाही तर दोष तड्याचा नसून बघणाऱ्याचा, अशी त्यांची पक्की समजूत होती.

चाकणच्या ज्या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आम्ही होतो तिथे ते क्वालिटीला इन्स्पेक्टर आणि मी प्रॉडक्शनला शिफ्ट इनचार्ज. म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य! मला माल बाहेर काढायचा असे, त्यांना तो अडवायचा असे. खराब पार्ट दिसला की त्यांच्या खिशातून लाल रंगाची चिमुकली डबी निघे, बारीक ब्रश निघे आणि पार्टवर ठिपका पडे. ठिपका पडलेला पार्ट लाल पेटीत, आणि लाल पेटीतून थेट भंगारात. त्यावरून नाव पडलं रिजेक्ट मामा. कँटीनमध्ये लोक भज्यांची प्लेट पुढे करून विचारत, "मामा, पास का?" मामा खरोखर एक भजं मोडून बघत आणि "आत कच्चं हाय" म्हणून प्लेट परत करत.

आमच्या कामात एक पळवाट असते. माल जरासा मापाबाहेर गेलाय, पण गिऱ्हाईक गेटवर ट्रक लावून उभं आहे, अशा वेळी क्वालिटीवाला एका कागदावर सही करतो: एवढ्या खेपेपुरतं चालवून घ्या. त्याला म्हणतात डेव्हिएशन. महिनाअखेरीला शॉपमध्ये, म्हणजे आमच्या मशीनच्या शेडमध्ये, हा शब्द देवाच्या नावापेक्षा जास्त ऐकू यायचा. मामांनी ती सही कधी केली नाही. मी गोड बोललो, वरून फोन करवले, एकदा तर भर शॉपमध्ये आरडाओरडा केला. मामा खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "साहेब, ह्या तुकड्यानं कोण मरंल ते आपल्याला ठावं न्हाई. नाव ठावं न्हाई, म्हणून सही सोपी वाटती," एवढंच म्हणाले. मी दात-ओठ खात निघून गेलो.

त्यांनी आयुष्यात एकदाच डेव्हिएशन दिलं. कंपनी सुटल्यावर दिलं, आणि मला दिलं. त्यातून त्यांचा जीव गेला. कसा, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.

कंपनीने आमची लाइन बंद केली आणि मी घरी बसलो. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर पडदे ओढून बसायचो. सोबतचे सगळे हळूहळू फोन करायचे थांबले. मामा तोवर रिटायर झाले होते. एक दिवस चऱ्होलीहून दोन बस बदलून दारात हजर! धीर द्यायला आले असतील म्हणून मी तोंड तयार केलं, तर बोलले काहीच नाहीत. चहा प्यायले, उठून स्वयंपाकघरात गेले, गॅसची नळी वाकवून बघितली. "ही बदला. आजच." मग बाल्कनीत जाऊन कठडा हलवून बघितला, खाली किती मजले आहेत ते बघितलं, आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. निघताना बायकोला हळू आवाजात म्हणाले, "वैनी, थोडे दिवस ह्यांना एकटं सोडू नगा." ते गॅस तपासायला नव्हे, मला तपासायला आले होते, हे मला फार उशिरा उमगलं. ज्या माणसाला मी बारा वर्षं शिव्या घातल्या त्याच्यावर माझा जीव जडला तो त्या दिवसापासून.

पुढे मी उठलो, आठ इलेक्ट्रिक सायकली घेतल्या आणि रविवारची सफर सुरू केली. चिंचवड गावठाणातून निघायचं, नदीकाठचं गणपतीचं देऊळ, घाट आणि जुन्या गल्ल्या दाखवायच्या, तिथून स्पाइन रोडने मोशी, मग चऱ्होलीची वेस, आणि शेवटी टेकडीवरचं महादेवाचं देऊळ. महिन्यातून एकदा चाकणचा भुईकोट किल्ला. गाइड म्हणून मामांशिवाय दुसरं नाव डोक्यातच आलं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे चऱ्होलीकर, इथला दगड न् दगड त्यांच्या ओळखीचा. "येतो की," म्हणाले, "पण गाड्या मी तपासणार. मी न्हाई म्हणलं की न्हाई." मी म्हणालो, "मंजूर, मामा. आता इथं प्रॉडक्शन, क्वालिटी सगळं आपलंच."

रविवारी साडेसहाला ते माझ्या आधी येऊन बसलेले असत. प्रत्येक सायकल उचलायची, मागचं चाक फिरवायचं, कान जवळ न्यायचा, ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. बॅटरीला उलटा हात लावून बघायचा, आपण पोराचा ताप बघतो तसा. खिशात तीच लाल डबी. ठिपका पडला की ती सायकल त्या दिवशी बाहेर पडत नसे, मग मी कितीही तोंड वाकडं करो. "एवढ्यानं काय होतंय, मामा?" हे माझं पालुपद. त्यावर त्यांचं एकच उत्तर असे, "हुत काहीच न्हाई. हुईपर्यंत."

गाइड म्हणून मात्र ते अवघडच होते. लोक सोसायट्यांमधून नटूनथटून फोटो काढायला येत, आणि मामा त्यांना घाटावर उभं करून पायरीवरची एक खूण दाखवत. "पाणी इथवर आलं हुतं. परत येणार. नदीला आपली जागा ठावी अस्ती." चऱ्होलीत ते नव्या टॉवरांकडे बोट करत. "त्या कोपऱ्यातल्या बिल्डिंगीच्या पार्किंगखाली आमची विहीर हाय. माती टाकून बुजवली. विहीर बुजती, पाणी बुजत न्हाई." एकदा त्याच बिल्डिंगमधलं जोडपं सफरीला आलं होतं. त्या बाईंनी नाश्त्याला हात लावला नाही.

चाकणच्या किल्ल्यावर तर ते वेगळेच होत. मोगलांनी वेढा घातला, मूठभर मावळे झुंजले, हे सगळं ते भराभर सांगून टाकत. खरी गोष्ट सुरू होई बुरुजाशी. "तोफांना दाद दिली न्हाई ह्या किल्ल्यानं. मग त्यांनी खालून भुयार खणलं. गुपचूप. त्यात दारू भरली आन् बुरुज उडवला." मग उरलेल्या भिंतीवर तळवा ठेवून ते पुढे सांगत. "भुयार खणताना आवाज आला असंलच. कुनीतरी ऐकला बी असंल. म्हणला असंल, काय हुतंय एवढ्यानं." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत. मला ते आवडायचं नाही. इंटरनेटवर एकाने आमच्याबद्दल लिहिलं, 'सफर छान, पण गाइड घाबरवतात.' मी मामांना ते वाचून दाखवलं, तर खूश झाले!

त्या रविवारी एका आयटी कंपनीचा सात जणांचा गट होता. आवडली तर कंपनी वर्षभर दर रविवारी गट पाठवणार, असं गटातल्याच एचआरच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मी रात्रभर स्वप्नं बघितली होती. सात पाहुणे आणि आठवे मामा, म्हणजे आठही सायकली लागणार. मी नाश्ता घेऊन कारने पुढे जाणार होतो. साडेसहाला पोचलो तर पाच नंबरच्या सायकलीच्या ब्रेकवर ओला लाल ठिपका.

"मागच्या ब्रेकची केबल आतून तुटत आलीया," मामा म्हणाले. "दोन-तीन तारा ऱ्हायल्यात. सपाटीला चालंल. उताराला ही जड गाडी पुढच्या एकट्या ब्रेकला ऐकायची न्हाई."

त्या वेळी दुकानं बंद, आमच्याकडची जादा केबल मागच्याच आठवड्यात संपलेली, आणि ती आणायचं मी रोज उद्यावर ढकललेलं. पाहुणे रिक्षातून उतरताना दिसत होते. मी मामांना बाजूला घेतलं. "मामा, डेव्हिएशन द्या. आजच्या दिवसापुरतं."

"तवा मागत हुता. दिलं का कधी?"

"तेव्हा कंपनीसाठी मागत होतो. आज माझ्यासाठी मागतोय."

मला कळत होतं मी काय करतोय ते. त्या माणसाचा माझ्यावर लोभ होता, आणि मी नेमकं तिथेच बोट ठेवलं. मामांचा चेहरा एवढा ओढलेला मी कधीच पाहिला नव्हता. मग त्यांनी फडक्याला थिनर लावलं आणि स्वतःच्या हाताने ठिपका पुसला.

"पाव्हण्याला न्हाई द्यायची. पाच नंबर मी घेतो. टेकडी उतरताना चालत येईन."

मी त्यांना कारमध्ये घेऊ शकलो असतो. पण जाहिरातीत 'अनुभवी गाइडसोबत सायकल सफर' असं छापलं होतं, आणि गाइड कारमधून उतरलेला त्या बाईंना कसा दिसेल, हा विचार माझ्या मनात आला. असले विचार बरे सुचतात माणसाला.

सफर रंगली. मामा त्या दिवशी पुराचं, विहिरीचं काही बोलले नाहीत. मी कारने पुढे जाऊन थांब्याथांब्यावर गाठत होतो, तर पाहुण्यांना हवं तसं गोड गोड सांगत होते, आणि ते ऐकून मला बरं वाटण्याऐवजी कसंतरीच होत होतं. साडेदहाला सगळे टेकडीवरचं देऊळ बघून खाली आले, मी पायथ्याशी पोहे घेऊन उभा होतो. सगळे आले, मामा नाहीत. वर बघितलं तर सायकल हाताने धरून एकेक पाऊल टाकत येत होते. बाईंनी घड्याळ बघितलं. "ग्रुप फोटो काढून निघायचंय आम्हाला. त्यांना काही त्रास होतोय का?"

"नाही, नाही," मी म्हणालो, आणि ओरडलो, "मामा, बसा की! सगळे खोळंबलेत!"

त्यांनी हात वर करून 'नको' अशी खूण केली.

मी पुन्हा ओरडलो. शब्द तेच, माझे नेहमीचे. "एवढ्यानं काय होतंय, मामा!"

ते थांबले. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता. मग सायकलवर बसले.

अर्ध्या उतारापर्यंत ठीक होतं. मग सायकल सुटली. आम्ही सगळे रस्त्यातच उभे होतो, फोटोसाठी ओळ करून. "बाजूला व्हा!" मामा ओरडले, पण कुणाला काही कळेना. त्यांनी आमच्याकडे बघितलं, हँडल डावीकडे टाकलं आणि नव्या बांधकामाच्या भिंतीवर जाऊन आदळले. समोर गेले असते तर आमच्यातल्या दोघा-तिघांना घेऊन गेले असते. मी धावत पोचलो तेव्हा शुद्धीवर होते. "कुणाला लागलं न्हाई ना?" असं विचारलं त्यांनी. मला विचारलं.

तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होते. दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा. हवालदाराने विचारलं, "सायकलीत बिघाड होता, हे कुणाला माहीत होतं?" मामांना धाप लागत होती, तरी नीट, एकेक शब्द सुटा करून बोलले. "गाड्या तपासायचं काम माझं. पाच नंबर मीच पास केली. साहेबांना काय ठावं न्हाई." हवालदाराने माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर?" मी मान डोलावली. मामांनी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

सफर अजून चालू आहे. त्या कंपनीचे गट दर रविवारी येतात. नवा गाइड हसतमुख आहे, लोकांना तो फार आवडतो. सायकली मी तपासतो. ब्रेक दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो.

तेराव्यानंतर मी चऱ्होलीला मामींना भेटायला गेलो. आज सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो होतो. मामी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी बसलो न बसलो तोच त्यांनी विचारलं, "दादा, तुमी तिथं हुता. खरं सांगा. तीस वर्सांत ह्या मानसानं एक वाईट तुकडा सोडला न्हाई. घरातली सुरी बोथट झाली तरी मला वापरू देत नव्हते. मग त्यांच्या हातनं आसं कसं झालं वो?"

शब्द जिभेवर होते. नुसतं तोंड उघडायचं होतं.

"वय झालं होतं, मामी," मी म्हणालो. "नजर कमी झाली होती त्यांची."

हळूहळू मामींना ते पटायला लागलेलं मला दिसलं. "व्हय. झाली असंल," म्हणाल्या. "मला कधी बोलले न्हाईत." डोळे पुसून उठल्या आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.

चहा आला. मी तो सगळा प्यायलो.