आल्तारावरची बाटली

आमच्या आत्याला स्वर्गाचा कारभार तोंडपाठ होता. कोणत्या दुखण्याला कोणत्या संताचा वशिला चालतो हे ती अशा थाटात सांगायची, जणू तिचा भाऊ तिथेच कारकून आहे. भाऊ कारकून होता, पण जव्हारच्या कचेरीत. संस्थान विलीन झालं, कचेरीत नवी माणसं लागली आणि वडिलांची वसईहून वर डोंगरात बदली झाली. 'रानात धर्म बुडू नये' म्हणून त्यांची ही बिनलग्नाची थोरली बहीण आमच्यासोबत आली. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचं एकच. तेव्हा बुडालाच असता तर तो आमच्याच हातून.

घरात एका फळीवर तिने येशूची तसबीर, दोन मेणबत्त्या आणि वसईच्या देवळातून, म्हणजे चर्चमधून, आणलेली पवित्र पाण्याची बाटली मांडली होती. हा आमचा आल्तार. रोज दिवेलागणीला ती त्या दिवसाच्या संताचं चरित्र वाचायची. कोणाला निखाऱ्यावर भाजलं, कोणाची कातडी सोलली, हे वाचताना तिचा चेहरा तूप खाल्ल्यासारखा व्हायचा. मग गुडघ्यांवर बसून तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना. मग लॅटिनमधली लादीन. ती संतांना गाऊन हाका मारायची आणि आम्ही 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे 'आमच्यासाठी विनंती कर', म्हणायचं. सूर इतका वरचा धरायची की तिचं तिलाच पेलायचं नाही. साखरशेतहून लाकडाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या बाईने एकदा आईला काळजीने विचारलं, "बाय, रोज सांजचं कोन रडतं गं तुमचे घरात?"

खरं गाणं आईचं. लग्नाआधी ती वसईच्या देवळात गायची. आमच्या घरी मात्र तिला फक्त उत्तरं द्यायची मुभा होती.

शेवटी घरातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना. आत्या एकेकाचं नातं सांगायची आणि त्याच्यासाठी मरियामातेच्या प्रार्थनेचा एक 'नमो मरिया' व्हायचा. आजोबा, आजी, थोरले काका. दारू पिऊन विहिरीत पडलेला एक लांबचा चुलता होता, त्यालाही रोज मिळायचा. फक्त माझ्या भावाला कधी मिळाला नाही.

तो जव्हारलाच जन्मला. वडील मोखाड्याकडे फिरतीवर होते. दिवस भरायच्या आधीच आईला कळा आल्या. सुईणीने मूल हातात घेतलं, ते जेमतेम कण्हलं आणि निळं पडू लागलं. आता अशा वेळी कोणीही, कसल्याही साध्या पाण्याने बाप्तिस्मा देऊ शकतं, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही शिकवतात. शिकवतात म्हणजे काय, आत्याच शिकवायची! वसईला दर रविवारी पोरांना रांगेत बसवून हेच तर घोकून घ्यायची.

आईच्या उशाशी पाण्याने भरलेला तांब्या होता. आई आत्याला ओरडून म्हणाली, "बाय, तांब्यातलं घाला! तांब्यातलं!"

आत्या बाहेरच्या खोलीत धावली, बाटलीसाठी. मी तिथेच होते. तिने आधी आल्तारापुढे गुडघा टेकला. क्रुसाची खूण केली. मग बाटली उचलली. बूच निघेना, ते दातांनी ओढलं. ती आत पोचली तोवर सुईणीने बाळाच्या तोंडावर फडकं टाकलं होतं.

बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल. म्हणजे स्वर्ग नाही, आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही नाही, असा निवाडा आत्याने दुसऱ्याच दिवशी दिला, न अडखळता. वडील परत आले, त्यांनी गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली खड्डा खणला आणि बहिणीपुढे अवाक्षर काढलं नाही. कचेरीत साहेबापुढे उभे राहायचे तसेच ते घरात तिच्यापुढे उभे असायचे. आईने एकच मागितलं: रात्रीच्या तेर्सात माझ्या बाळासाठी एक नमो मरिया. आत्या म्हणाली, "नियम माझा नाही, देवाचा आहे." स्वतःच्या चुकीवर देवाचं नाव घालायची ही तिची रीत. मला तिची तेव्हापासून किळस आहे.

आईने लादीन म्हणणं सोडलं. नुसते ओठ हलवायची.

नाताळ झाल्यावर तीन-चार दिवसांनी बाळ येशूला संपवायच्या नादात हेरोद राजाने मारलेल्या तान्ह्या पोरांचा सण येतो. आत्याने ते चरित्र वाचलं. ती सगळी पोरं स्वर्गात संत झाली म्हणून पुस्तक मिटलं.

आईने विचारलं, "त्यांना कोणी पाणी घातलं होतं?"

"त्यांचं वेगळं. ती रक्ताने न्हाली."

"माझं तांब्यातल्या पाण्याने न्हालं असतं."

आत्याने माळ उचलली आणि नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत सुरुवात केली. वडिलांनी मान आणखी खाली घातली. त्या रात्रीही विहिरीतल्या चुलत्याला त्याचा वाटा मिळाला.

पुढे काही वर्षांनी ऐन श्रावणात आत्याला ताप भरला. दरड कोसळून घाट बंद होता. फादर वर येणं शक्य नव्हतं. मरताना फादरच्या हातून तेल लावून घ्यायचं, याची तिने जन्मभर तयारी केलेली. आता तिला निदान बाटली हवी होती. ती फळीकडे बोट दाखवत राहिली. आई तिच्या उशाशी बसली होती, तिथून हलली नाही. तिने शेजारच्या तांब्यात बोटं बुडवली आणि आत्याच्या कपाळावर क्रूस काढला.

"हेच चालतं, बाय," आई म्हणाली. "तुम्हीच तर शिकवायचात."

आत्याने डोळे मिटले. तिला काय वाटलं ते मला ठाऊक नाही आणि त्याची मला पर्वाही नाही.

त्या संध्याकाळी तेर्स आईने चालवला. लादीन तिने खालच्या सुरात गायली. इतक्या वर्षांत ती गाण्यासारखी वाटली ती त्या एकाच दिवशी. मग मेलेल्यांची प्रार्थना. "माझ्या बाळासाठी," आई म्हणाली, सगळ्यांच्या आधी. वडील रडू लागले, पण मला त्यांची कीव आली नाही. मग आजोबा, आजी, काका, विहिरीतला चुलता, आणि सर्वांत शेवटी आत्या.

आत्याच्या नमो मरियेला मी तोंड उघडलं नाही. आईने मला कोपराने ढोसलं, तरी नाही.