लेन्सवरची काळी पट्टी

दारं बसवणारे खूप असतात. बसवलेल्या दारातून चाळीस वेळा ये-जा करून बघणारा हा एकटाच. म्हणून कंपनीत सगळे त्याला फेरीवाला म्हणायचे. तो जिन्यात दिसला की कुणीतरी हटकून विचारायचं, "आज काय विकायला आणलंय?" तो हसून सोडून द्यायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. आत जाणाऱ्याच्या हातात कार्ड असतं, पण आतल्या बाजूला कार्ड लावायची सोयच नसते, बाहेर येणाऱ्याला नुसत्या अंगाच्या उबेवर दार उघडून मिळायला हवं. त्यासाठी दारावर आतल्या बाजूने साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी बसवायची. डबीच्या लेन्ससमोर माणूस हलला की तिने कुलूप सोडायचं. ती आंधळी निघाली तर माणूस आत अडकतो, फार तिखट नजरेची निघाली तर दार उगाचच उघडत बसतं. म्हणून तो हळू चालून, धावत, खोकं उचलून, पाठमोरा होऊन, सगळ्या तऱ्हांनी चालून बघायचा. पंधरा वर्षांत त्याच्या एकाही दाराची तक्रार आली नव्हती. याचा त्याला गर्व होता, हेही सांगून टाकलेलं बरं.

औषधं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या रेकॉर्ड रूमचं काम त्याच्याकडे आलं तेव्हा तो जास्तच खूश झाला. त्या खोलीत त्याची ताई बावीस वर्षं नोकरी करत होती. लहानपणीच्या आजारात तिचे पाय गेले होते आणि ती बटणावर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीत असायची. आई-वडील गेल्यावर याचा कान धरून याला शिकवलं ते तिनेच. आता घरात दोघंच. दिव्याची बटणं, फळ्या, आरसा, सगळं तिच्या हाताला येईल असं. तो रोज वाकून दाढी करायचा आणि आपण वाकतोय हे त्याच्या गावीही नसायचं.

रेकॉर्ड रूममध्ये महिन्यापूर्वी चोरी झाली होती. चोर हुशार. त्याने गरम पाण्याची पातळ पिशवी लांब सळीला बांधली, दाराखालच्या फटीतून आत सरकवून हलवली, आणि जुन्या डबीने माणूस समजून दार उघडून दिलं. "एवढी मोठी प्रयोगशाळा, आणि पाण्याच्या पिशवीने लुटली!" सुरक्षा अधिकारी कपाळाला हात लावून म्हणाले. "यापुढे खालचं काही दिसता कामा नये."

यानेही कंबर कसली. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या खोलीत त्याने नवी डबी बसवली. लेन्सच्या खालच्या भागावर आतून काळी पट्टी चिकटवली, म्हणजे छातीच्या उंचीखालचं काही दिसणार नाही. मग चाळीस फेऱ्या. दार एकदाही चुकलं नाही. त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं की पट्टी आवश्यक आहे, अधिकाऱ्यांनी डबीवर सील लावलं आणि त्याची पाठ थोपटली.

बसून बघायचं त्याला सुचलंच नाही. परक्या माणसासाठी कदाचित सुचलं असतं. पण ताई खाली बसलेली असते असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. सगळं घर तिच्या उंचीचं आणि घरात मोठी तीच.

आठ दिवस ती काही बोलली नाही. नवव्या दिवशी चहा पिताना सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "तुझं दार मला ओळखत नाही रे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी पुढे जाते आणि ते तसंच. कुणी बाहेर निघालं की त्याच्या मागोमाग निघते. नाहीतर बसते वाट बघत."

त्याने कप खाली ठेवला. मग घाईघाईने म्हणाला, "हात वर कर ना! हात डोक्याच्या वर गेला तरी दिसेल त्याला."

ताईने त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्याला आपली जीभ चावावीशी वाटली. वर्षभरापासून तिचे दोन्ही खांदे गेले होते. बोटं चालत होती, लिहिणं, टाइप करणं, खुर्चीचं बटण, सगळं जमत होतं. हात मात्र खांद्यापर्यंतही उचलत नव्हता. सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. नव्या संचालकांनी तब्येतीच्या कारणावरून दोघांना आधीच घरी बसवलं होतं. नोकरी सुटली तर ताई दिवसभर चार भिंतींकडे बघत बसली असती, आणि तिला मरणापेक्षा त्याचीच धास्ती होती.

दुसऱ्याच दिवशी तो अधिकाऱ्यांकडे गेला. ताईच्या खांद्यांबद्दल अवाक्षर न काढता म्हणाला, "साहेब, पट्टी थोडी खाली सरकवतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"सील आहे त्यावर. आणि पट्टी हवीच असं तुम्हीच लिहून दिलंय, नाही का?"

"निदान दाराशेजारी एक बटण?"

"अर्ज करा."

त्याने अर्ज केला. अर्ज मुख्य कार्यालयात गेला. त्याच्या स्वतःच्या मालकाने तर त्यालाच झापलं, "गिऱ्हाईक खूश आहे आणि तू कशाला खाजवून खरूज काढतोस?" तीन आठवडे तो रोज फोन करायचा आणि रोज एकच उत्तर मिळायचं: विचाराधीन आहे. स्वतःच्या हाताने चिकटवलेली बोटभर पट्टी, आणि ती सोलायला त्याच्या बोटांना परवानगी नव्हती.

मग आगीच्या वेळी इमारत रिकामी करण्याची ड्रिल ठरली. दारांचा माणूस म्हणून त्यालाही हजर राहायला सांगितलं. खरी आग लागली तर सगळी कुलपं आपोआप सुटतात, पण ही ड्रिल शिट्टीवर होती, कुलपं चालूच. शिट्टी वाजली. रेकॉर्ड रूममधले सहा जण भराभर बाहेर पडले. सगळं जसंच्या तसं टाकून निघायचं, कुणासाठी थांबायचं नाही, असा हुकूमच होता. ताईचं टेबल शेवटच्या कपाटापाशी. ती दारापर्यंत आली तोवर दार लागलं होतं.

दाराला वर काच होती. काचेअलीकडे तो, पलीकडे ती. अधिकारी हातात घड्याळ घेऊन शेजारी उभे.

"साहेब, कार्ड लावा."

"बाहेरून उघडायचं नाही. वेळ मोजतोय."

ताई मागे गेली, पुन्हा पुढे आली. दार ढिम्म. एक मिनिट झालं, दोन झाली. बाहेर जमलेल्यांपैकी एक बाई ओरडली, "अहो, हात वर करा!" मग सगळेच ओरडायला लागले, हात वर, हात वर. ताईने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली. जमत नाही हे चारचौघांत दाखवण्यापेक्षा तिने न करणं पत्करलं. पण कळायचं ते सगळ्यांना कळलंच. हळूहळू ओरडा थांबला. त्याने काचेवर हात टेकवला आणि तो तसाच उभा राहिला.

सातव्या मिनिटाला अधिकाऱ्यांनी कार्ड लावलं. मग त्याच्यापुढे कागद धरला. "डबीचा अहवाल लिहा. सुस्थितीत की नादुरुस्त?"

"साहेब, बसलेला माणूस तिला दिसत नाही, असं लिहितो."

"तशी जागा नाही कागदात. दोन चौकोन आहेत, एकावर खूण करा."

नादुरुस्त म्हटलं तर कंपनीचा माणूस येणार, डबीपुढे उभ्याने चालणार, दार फट्कन उघडणार आणि हा खोटा ठरणार. सुस्थितीत म्हटलं तर दोष कुणात, हे वेगळं सांगायला नको. पेन हातात धरून तो उभाच राहिला. ताईची खुर्ची त्याच्याशेजारी येऊन थांबली.

"लिही," ती हळू आवाजात म्हणाली. "नादुरुस्त असं खोटं लिहून मी थोडीच राहणार आहे इथे? तुझी भाकरी तरी राहू दे."

त्याने सुस्थितीतवर खूण केली आणि सही केली. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं, याचाच त्याला राग आला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. तिच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने तिला सेवेतून मोकळं करण्यात येत होतं. शेवटच्या दिवशी तो तिला न्यायला गेला. तिच्याबरोबरच्या बायकांनी डोळे पुसले, तिच्या टेबलातल्या वस्तू एका खोक्यात भरून त्याच्या हातात दिल्या. ताई पुढे निघाली, खोकं घेऊन तो तिच्या मागे.

ताई दारापाशी पोचली आणि सवयीने थांबली. तेवढ्यात कुलूप सुटलं. तो तिच्यामागे उभा होता.