माझा चष्मा धरणारी आत्या

फोन आला तेव्हा माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. बोईसरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत वाफेनं चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या, त्या पुसत उभा होतो. गावाहून चुलतभाऊ बोलत होता. यमूआत्या गेली, दुपारी जेवून ओटीवर टेकली ती उठलीच नाही. नऊ नंबरचा चष्मा काढला की समोरचा माणूस म्हणजे मला नुसता एक डाग दिसतो. त्या डागांच्या गर्दीत मी ती बातमी ऐकली, आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला भीती वाटली... आता मला डोळ्यांच्या ऑपरेशनला कोण पाठवणार?

यमूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला, तेव्हापासून ती तारापूरजवळच्या आमच्या कोळीवाड्यात, आमच्याच घरात राहिली. तिला अक्षरओळख नव्हती. मी मात्र पालघरच्या कॉलेजातून पदवी घेतली. आमच्या आळीतला तो पहिला पदवीधर मीच, हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्यात निम्मा वाटा तिचा आहे. लहानपणापासून मला वाचनालयातून एकाच जातीची पुस्तकं हवी असत. जादूगार, उडते घोडे, पाताळातली नगरं. वडील विचारायचे, राक्षस वाचून पोट भरणार का? आत्या म्हणायची, मोठ्यानं वाच.

दुपारी ती ओटीवर सूप घेऊन सुका जवळा निवडायला बसायची आणि मी तिच्या उजव्या हाताला. मला लांबचं दिसत नाही, पण पुस्तक नाकाशी आणलं की उघड्या डोळ्यांनी मुंगीच्या पायाएवढं अक्षरही लख्ख दिसतं. म्हणून वाचताना मी चष्मा काढायचो आणि पानावरची नजर न हलवता हात बाजूला करायचो. ती तो घेऊन मांडीत ठेवायची. "दे माज्याकडं, आनि जा तू तुज्या राक्षसांत," असं म्हणायची. चष्मा नसला की ओटी, अंगण, होड्या सगळं पुसून जायचं आणि नाकापुढे फक्त ते दुसरं जग उरायचं. परत यायचं तर चष्मा आत्याकडे आहे, एवढा भरवसा पुरे होता. त्यामुळे माझ्या चष्म्याला कायम जवळ्याचा वास. कॉलेजात पोरं नाक धरून म्हणायची, आला सुका बाजार. मला त्याची लाज कधी वाटली नाही.

गोष्टीत वादळ आलं की ती मला थांबवायची. "लिवणाऱ्याला दर्या ठाव नाय. एवडी लाट आल्यावर शीड वर ठेवतं का कोन?" पण एका गोष्टीत जादूगार आंधळ्या राजाच्या डोळ्यांत सात समुद्रांचं पाणी घालतो आणि राजाला दिसू लागतं. तिथं ती एक अक्षर बोलत नसे. ती गोष्ट तिनं माझ्याकडून कितीदा वाचून घेतली असेल...

मी कॉलेजात असताना एका शिबिरात तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. त्या काळी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून दिवसच्या दिवस निजवून ठेवत. चार दिवसांनी तिला पट्टीसकट घरी सोडलं. वाकायचं नाही, डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, पट्टीला हात लावायचा नाही, असं बजावलं होतं. आठवडाभरात डोळ्यात पू झाला. कापूस बदलायला मीच बसायचो. काय पाहिलं ते इथं लिहीत नाही, पण ते अजून माझ्या स्वप्नात येतं. डोळा गेला. डॉक्टरनं बिघडवला, असं आत्यानं सांगितलं आणि आळीत तेच खरं ठरलं. त्यानंतर आमच्यातलं कुणी शिबिराची पायरी चढलं नाही. आत्यानं दुसरा डोळाही कुणाला दाखवला नाही, तो दुधाळ होत होत मिटला. माझे वडील मोतीबिंदू घेऊनच गेले. शेवटी शेवटी नातवाचं तोंड हातानं चाचपून ओळखायचे.

पुढे नव्वदच्या दशकात, मुंबईला लेझरनं चष्म्याचा नंबर घालवतात असं ऐकू येऊ लागलं. मी ऐकून सोडून दिलं असतं, पण एकदा कारखान्यात ॲसिडचा कॅन फुटला, धावपळीत माझा चष्मा पडला आणि दहा पावलांवरचं दार मला सापडेना. एका कामगारानं मनगटाला धरून बाहेर ओढलं. "साहब, आँख बनवा लो, नहीं तो किसी दिन यहीं रह जाओगे," तो म्हणाला. मुंबईला जाऊन तपासून आलो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, लांबचं चांगलं दिसेल, पण या वयात जवळचं वाचायला चष्मा लागेल. म्हणजे पुस्तक नाकाशी धरून त्या जगात शिरायची माझी वाट बंद. आणि आत्याच्या डोळ्यासारखं झालं, तर दोन्ही जगं बंद. तारीख घेतली, पण त्या दिवसापासून घास गोड लागेना.

मग मी गावी आत्याकडे गेलो. तिनं 'नको जाऊ' म्हणावं म्हणूनच गेलो होतो. ती बोटांनी चाचपत जवळा निवडत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"जयवंता," ती म्हणाली, "डॉक्टरानं कायपन केलं नवतं. पट्टी मीच काडली."

मग तिनं सांगितलं. घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी भर हिवाळ्यात मळभ आलं. बोंबील दोऱ्यांवर वाळत होते, भिजले असते तर कुजून गेले असते. घरातली सगळी बाजाराला गेलेली. तिनं पट्टी वर सरकवून आभाळ पाहिलं आणि धावली. वाकून वाकून दोऱ्या रिकाम्या केल्या, पाट्या डोक्यावरून घरात आणल्या आणि पट्टी पुन्हा होती तशी बांधली.

"आणि पाऊस?" मी विचारलं.

"एक थेंब नाय."

मला तिचा भयंकर राग आला. बाबांचे डोळे तुझ्या या खोट्यापायी गेले, असं मी तिला तोंडावर म्हणालो. ती म्हणाली, "किती येला सांगायला गेले. पन बोंबलापायी डोला घालवला म्हनून हसले अस्ते ना मला... तू जा. माज्या डोल्याला भिऊ नको." मी उठून चालू लागलो. मागून ती काहीतरी म्हणाली, ते ऐकायलाही थांबलो नाही. आठ दिवसांनी तो फोन आला. सुतकात ऑपरेशनची तारीख हुकली.

आता पुन्हा तारीख घेतली आहे, येत्या गुरुवारची. भीती गेली आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल आणि आमच्या घरात एक खोटं पुरेसं झालं. गेल्या रविवारी गावच्या ओटीवर बसलो होतो. तिचं सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. ती आंधळ्या राजाची गोष्ट उघडली, पुस्तक नाकाशी आणलं, चष्मा काढला आणि सवयीनं हात बाजूला केला.

बराच वेळ हात तसाच धरून होतो. मग चाचपत सूप जवळ ओढलं, चष्मा त्यात ठेवला आणि मोठ्यानं वाचू लागलो.