बंडीवरचा रेडिओ

महाराष्ट्र नवा नवा झाला होता आणि आम्ही दहा-बारा पोट्टे स्वतःला त्याचे मालक समजत होतो. धामणगाव बढेच्या बाजूला आमचं गाव. पंचायतीला सरकारकडून रेडिओ मिळाला, आणि त्यासोबत एक पद्धतही आली. आठवड्यातून एकदा नागपूरहून गावकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा. तो गावातल्या रेडिओ मंडळातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचा, मग रेडिओ बंद करून त्याच विषयावर चर्चा करायची. चर्चा चालवायला एक निमंत्रक. रेडिओच्या बटणाला हात लावायचा अधिकार फक्त त्याचा. मी पुढे बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. पण चारचौघांत उभं राहून बोलायला मला त्या रेडिओनं शिकवलं.

निमंत्रक म्हणून आम्ही माझ्या मित्राला निवडलं. शाळेत तो माझ्या बाकावर बसायचा. आवाज खणखणीत, आणि न चिडता वाद घालणारा गावात तो एकटाच. तो बौद्ध वस्तीतला. रेडिओ मात्र मारुतीच्या ओट्यावर, देवळाला लागून असलेल्या खोलीत. वस्तीतल्या माणसांनी रस्त्यापलीकडच्या निंबाखाली बसून ऐकायचं, हे कोणी न सांगता ठरलेलं होतं. ओट्यावरच्या एका म्हाताऱ्या आबांनी ते सांगूनच टाकलं, "निमंत्रक कोणालेही करा. पण तो ओट्यावर चढणार नाही."

मित्र आम्हाला म्हणाला, "निंबाखालून बटण फिरवता येते का बे? मी रेडिओजवळ बसीन, नाही तं दुसरा निमंत्रक पाहा."

बोलला हसत, पण मग दप्तर उचलून एकटाच शाळेकडे निघाला. त्या आठवड्याचा विषय होता 'सार्वजनिक जागा सर्वांच्या'. ज्याचं लग्न तोच मांडवाबाहेर, असा प्रकार.

मग आमच्यातल्या एकाच्या डोक्यात आलं की हा वर जात नाही, तर रेडिओच खाली आणू. एक बंडी ओढत आणली, बैल न जुंपता रस्त्याच्या मधोमध उभी केली. मागच्या टोकाला रेडिओ, बॅटरीचा डबा आणि शेजारी आमचा निमंत्रक. बांबूवरची एरियलची तार लांबवली. ओट्यावरची मंडळी आधी जागची हलली नाही. पण कार्यक्रमाआधी कापसाचे भाव सांगत, त्यांची वेळ होत आली होती, आणि ओट्यावर नुसती खरखर पोचत होती. एकेक जण धोतर सावरत खाली उतरला. सगळ्यांत शेवटी आबा. ते बंडीच्या पुढे, तोंड फिरवून उभे राहिले.

आम्हाला एवढा आनंद झाला की सगळेच मागून बंडीवर चढलो. शेतकऱ्यांची पोरं आम्ही, पण बैल नसलेली बंडी मागच्या वजनानं उलाळते, हे एकालाही आठवलं नाही. पुढची दांडी वर उठली, मित्र रेडिओला कवटाळून मागे घसरू लागला, आणि नेमके तेव्हाच भाव सुरू झाले. आबांनी त्या वयात उडी मारून दांडी धरली आणि तिच्यावर बसले. बंडी सपाट झाली.

"हलू नका बे. भाव आयकू द्या."

भाव संपले तसे ते म्हणाले, "उतरा आता. मले मोकळं करा."

आम्ही उतरलो नाही. उलट हळूच आणखी मागे सरकलो.

मित्र म्हणाला, "आबा, तुम्ही उठले तं मी पडतो. निमंत्रकच पडला तं सभा कशी होईन?"

"तुमच्या भानगडीत मी काऊन अडकून राह्यलो?"

"चर्चा होईपर्यंत बसा ना. पुढची जागा मानाची असते."

दारात उभ्या बायांनी तोंडाला पदर लावले. आबांनाही हसू येत होतं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

कार्यक्रम संपला. मित्रानं रेडिओ बंद केला आणि साध्या आवाजात विचारलं, "हा रेडिओ गावाचा आहे. मी गावात आहे का नाही?"

मी उभा राहिलो आणि म्हणालो, रेडिओ शाळेच्या पडवीत ठेवू, तिथं सगळ्यांना बसता येईल. हात वर झाले. काही पटकन, काही शेजाऱ्याकडे पाहून.

"आबा, तुमचं?" मित्रानं विचारलं.

"हात सोडला तं पडीन ना बे."

"एकच सोडा."

आबांनी एक हात छातीपर्यंत उचलला. "हाव. झालं?"

आम्ही आरोळी ठोकून एकदम उड्या मारल्या. दांडी धपकन खाली गेली आणि आबा मातीत बसले. मित्र सगळ्यांच्या आधी पोचला. त्यानं पुढे केलेल्या हाताकडे आबांनी क्षणभर पाहिलं, मग तो धरून उठले आणि धोतर झटकत म्हणाले, "शाळेत नेशीन तं मले जागा ठेवजो. तुह्या बाजूले. मले दुरून आयकू येत नाही."