आगीच्या बंबाचे दिवे

अमेरिकेत, फ्रिस्को शहरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंचे हात कापतात. सांडू नये म्हणून चहाचा कपसुद्धा त्या अर्धाच भरून घेतात. तरीही गराजमध्ये मांडलेल्या छोट्या रेल्वेच्या गावात, बोटाएवढ्या मोटारींना खरे लागणारे दिवे त्या स्वतःच बसवतात. तार केसाएवढी, दिवा मोहरीएवढा.

"आई, जस्ट ऑर्डर देम विथ लाइट्स," लेक सांगते.

"आयतंच आणायचं तर मी कशाला हवी?" काकू विचारतात.

यंदा त्यांच्या मॉडेल रेल्वे क्लबाचं प्रदर्शन होतं. क्लबातल्या एका सभ्य गृहस्थांनी हळूच सुचवलं, की वायरिंग ते करतील, काकूंनी दाराशी बसून पाहुण्यांचं स्वागत करावं. काकूंनी त्यांना 'थँक्यू' म्हटलं आणि मला आपलं टेबल हॉलच्या मधोमध ओढायला लावलं.

कोपरं टेबलावर रोवून काकू एका इवल्याशा आगीच्या बंबात तार ओवू लागल्या. तीनदा ती निसटली. भोवती माणसं जमली. मला बघवेना, म्हणून मी हात पुढे केला.

"हात मागे घे," वर न बघता त्या म्हणाल्या. "कापतात ते माझे आहेत. तुझे मी मागितलेत का?"

पाऊण तासाने बंबाचे पुढचे दोन्ही दिवे लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या गृहस्थांनीही. काकूंनी मान वर केली ती फक्त चष्मा पुसायला.

"मागचे लाल राहिलेत अजून," असं म्हणून त्या पुन्हा टेबलावर वाकल्या.